फातिमांवर भाषणं लिहून देणाऱ्यांना खुलं पत्र

शाळा-महाविद्यालयांतले कार्यक्रम ठरवणाऱ्या, फ्लेक्स आणि भित्तिपत्रकांचा मजकूर लिहिणाऱ्या आणि वक्तृत्व स्पर्धेसाठी मुलांना भाषणं लिहून देणाऱ्या सर्व मंडळींस,

सप्रेम नमस्कार.

सावित्रीबाईंच्या जयंतीपासून महिला दिनापर्यंतचे दोन महिने म्हणजे तुमची-आमची सुगी. या दिवसांत मला वक्तृत्व स्पर्धांना परीक्षक म्हणून बोलावणं येतं आणि मी हौसेने जाते. अलीकडे प्रत्येक स्पर्धेत एक-दोघी तरी फातिमा शेख यांच्यावर बोलतात. ऐकून बरं वाटतं, कारण आमच्या शाळकरी वयात हे नाव कुणी घेतलेलंच नव्हतं. पण मुलगी कुठल्याही शाळेची असो, मजकूर एकच. ९ जानेवारी १८३१ रोजी जन्म, ‘देशातली पहिली मुस्लिम शिक्षिका’, मग सावित्रीबाईंशी झालेला एक भरघोस संवाद, शेवटी शायरी आणि टाळ्या. पाठोपाठ दुसरी मुलगी उभी राहते आणि ‘जगातलं पहिलं विद्यापीठ काढणाऱ्या’ फातिमा अल-फिहरींवर बोलते. तिथेही तसंच.

मुलींचा यात काही दोष नाही. पाठ करायला दिलं ते त्या बोलतात. लिहून देणारे आपण. म्हणून हे पत्र तुम्हाला.

तक्रार थोडक्यात अशी: ज्या फातिमांविषयी कागद फार थोडे आहेत त्यांना आपण मनाच्या तारखा आणि मनाचे संवाद चिकटवतो, आणि ज्यांचे कागद हवे तेवढे आहेत, त्यांचं नावही घेत नाही.

आधी आपल्या पुण्याच्या फातिमांविषयी. १८४९ मध्ये जोतीराव-सावित्रीबाईंना घर सोडावं लागलं तेव्हा गंज पेठेत उस्मान शेख यांनी त्यांना आसरा दिला, असं चरित्रकार सांगतात. फातिमा या उस्मानभाईंच्या बहीण, हेही चरित्रकारांचंच सांगणं. खुद्द सावित्रीबाईंच्या हातचा उल्लेख आहे तो १० ऑक्टोबर १८५६च्या पत्रात. त्या वेळी त्या आजारपणामुळे माहेरी, नायगावला होत्या. तिथून त्यांनी जोतीरावांना पत्र लिहिलं. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९८८ मध्ये काढलेल्या सावित्रीबाईंच्या समग्र वाङ्मयात ते छापलेलं आहे. मा. गो. माळी त्याचे संपादक. फातिमाला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करायची नाही, अशा अर्थाचं एक वाक्य त्यात येतं. आडनाव नाही, गाव नाही, वय नाही.

एवढंसं वाक्य, पण जरा थांबून वाचा. सावित्रीबाई आपण अंथरुणाला खिळलेल्या असताना पुण्यातल्या कामाची काळजी करताहेत, आणि आपल्या गैरहजेरीत भार कुणावर पडणार हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. फातिमा कोण हे जोतीरावांना समजावून सांगावं लागत नाही. म्हणजे ती घरातल्यासारखी आहे. आणि ‘कुरकुर करायची नाही’ हे अंदाजाने लिहिलेलं नाही. बरोबर काम केलेल्या बाईबद्दल, तिचा स्वभाव माहीत असलेल्या बाईनेच असं लिहावं. माझ्या मते तुमच्या त्या भरघोस संवादापेक्षा या एका ओळीतून फातिमा जास्त दिसते. मग नसलेला संवाद रचायची हौस कशाला?

‘९ जानेवारी १८३१’ या तारखेचंही तेच. गूगलने ९ जानेवारी २०२२ला त्यांचं चित्र मुखपृष्ठावर लावलं तेव्हापासून ती तारीख घरोघर पोचली. त्या तारखेला त्या काळातला एकही कागद कुणी दाखवलेला नाही. सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१चा. त्याच वर्षी, त्याच महिन्यात, सहाच दिवसांच्या अंतराने मैत्रिणीचाही जन्म व्हावा, हे जरा जास्तच सोयीचं झालं. फ्लेक्सवरचा चेहरा तर दर वर्षी बदलतो. कुणा चित्रकाराने काढलेला, किंवा हल्ली संगणकाला सांगून काढून घेतलेला. खाली मात्र ‘दुर्मीळ छायाचित्र’.

या सगळ्याची किंमत जानेवारी २०२५ मध्ये मोजावी लागली. एका लेखक-पत्रकाराने जाहीर केलं की फातिमा शेख हे पात्र आपणच रचलं होतं, अशी बाई झालीच नाही. दोन दिवस नुसता गदारोळ. १९८८च्या पुस्तकात छापलेलं नाव पुढे कुणी रचल्याचा दावा टिकणारा नव्हताच, आणि जाणकारांनी ते पत्र लगेच समोर ठेवलं. पण ज्या शाळांनी आदल्याच आठवड्यात फ्लेक्स लावले होते, तिथल्या शिक्षकांना पोरांसमोर उत्तर देता येईना. कारण त्यांच्याजवळ पत्र नव्हतं, फक्त तारीख होती. तारीख कोसळली की लोकांना वाटतं बाईही कोसळली. खोटा दागिना अंगावर घातला की खऱ्यावरही संशय येतो, तशातली गत.

आता फेसच्या फातिमांकडे. मोरोक्कोतल्या फेस शहरात अल-करवीयीन ही मशीद, आणि तिच्या आधाराने वाढलेलं विद्यापीठ आहे. गोष्ट अशी: ट्युनिशियातल्या कैरवानहून मुहम्मद अल-फिहरी नावाचा व्यापारी कुटुंबासह फेसला येऊन राहिला. तो वारल्यावर दोघी मुलींना मोठा वारसा मिळाला. फातिमाने सन ८५९ मध्ये करवीयीन बांधायला घेतली, बहीण मरियमने अंदलुसी मोहल्ल्याची मशीद. काम पुरं होईपर्यंत फातिमाने रोजे धरले. दगड-मातीही त्याच जागेतून काढली, बाहेरची घेतली नाही, म्हणजे पैशात कुठे हरामाची मिसळ नको.

सुंदर गोष्ट आहे. ती सांगतो इब्न अबी झर हा चौदाव्या शतकातला इतिहासकार, म्हणजे घटनेनंतर सुमारे साडेचारशे वर्षांनी. आणि त्याच मशिदीच्या दुरुस्तीत जुन्या कोरीव लाकडावर एक लेख सापडला. त्यात बांधकामाचं श्रेय तिथल्या राज्यकर्त्या इद्रिसी घराण्यातल्या दाऊद इब्न इद्रिसला दिलेलं आहे, साल हिजरी २६३, म्हणजे इसवी सन ८७७. म्हणून काही इतिहासकार दोघी बहिणींची, दोन मशिदींची ही जुळवून आणल्यासारखी गोष्ट दंतकथा मानतात. काहींना वाटतं की आधीच्या लहान मशिदीची आठवण तिच्यात उरली असावी. शिवाय ‘विद्यापीठ’ हा शब्दही नवव्या शतकाला तसाच्या तसा लागू पडत नाही. मशिदीत वर्तुळ करून बसलेले उस्ताद आणि शागिर्द हे तिथलं जुनं शिक्षण. सरकारी विद्यापीठ म्हणून करवीयीनची रचना झाली १९६३ मध्ये.

म्हणून मुलींनी फिहरींवर बोलूच नये का? जरूर बोलावं. फक्त ‘इब्न अबी झर सांगतो की’ एवढे शब्द आधी घालावेत, आणि त्या कोरीव लाकडाचीही गोष्ट सांगावी. नववीच्या मुलीला हे झेपतं. ‘पुस्तक एक म्हणतं, लाकूड एक म्हणतं, मग आपण काय समजायचं?’ असं विचारणारी मुलगी माझ्यासमोर उभी राहिली तर मी तिला डोळे झाकून पहिला नंबर देईन.

तुमच्यापैकी कुणीतरी म्हणेल, असं ‘असावं’, ‘सांगतात’ करत बसलं तर श्रद्धा राहत नाही, प्रेरणा मिळत नाही. हे नाव जिच्यामुळे जगभर गेलं तिचंच उदाहरण घ्या. पैगंबर साहेब आणि बीबी खदीजा यांची मुलगी, हजरत अली यांची पत्नी, हसन-हुसेन यांची आई. तिच्या जन्मसालाबद्दल एकमत नाही. सुन्नी परंपरा पैगंबरीच्या सुमारे पाच वर्षं आधीचं धरते, शिया परंपरा पाच वर्षं नंतरचं. सन ६३२ मध्ये पित्यापाठोपाठ थोड्याच महिन्यांत ती गेली, पण नेमकं कधी यावरही दोन मतं: पंचाहत्तर दिवसांनी की पंचाण्णव? मग शिया मंडळी काय करतात? दोन्ही तिथ्या पाळतात. पहिली फातिमिया, दुसरी फातिमिया. तिची कबर नक्की कुठे, यावरही मदिनेत एकाहून अधिक जागा सांगितल्या जातात. चौदाशे वर्षांत एवढं सगळं अनिश्चित राहिलं, म्हणून कुणाची श्रद्धा तसूभर कमी झाली नाही. कैरो वसवणारं घराणं तिच्या नावाने स्वतःला फातिमी म्हणवत होतं. इराणमध्ये तिच्या जन्मतिथीला मातृदिन असतो.

आणि तिची जी हकीकत हदीसच्या, म्हणजे पैगंबर साहेबांच्या उक्ती-आठवणींच्या संग्रहांत आहे ती बघा. जातं ओढून ओढून हातांना घट्टे पडले होते. बापाकडे लढाईतले कैदी आलेत असं कळलं, म्हणून एखादा नोकर मागावा असं ठरवून ती गेली. तो भेटला नाही, तेव्हा बीबी आयेशाजवळ निरोप ठेवला. रात्री नवरा-बायको अंथरुणावर पडली होती तेव्हा पैगंबर साहेब स्वतः आले, जवळ बसले, आणि म्हणाले की तुम्ही मागितलंत त्याहून बरं सांगतो: झोपताना ३३ वेळा ‘सुभानल्लाह’, ३३ वेळा ‘अलहम्दुलिल्लाह’, ३४ वेळा ‘अल्लाहु अकबर’ म्हणत जा. आजही नमाजनंतर बोटांवर मोजतात ती हीच तसबीह, फातिमाच्या नावाची. आपल्याकडे विजापूरच्या बाजूला सूफींच्या परंपरेत दखनी भाषेत चक्कीनामे रचले गेले, बायकांनी दळताना म्हणायचे. जात्याशी बसून देवाचं नाव घेणं मराठी बाईला कुणी शिकवायला नको. हा प्रसंग भाषणात घ्या की. यात दळणारे हात आहेत, मागायला गेलेली लेक आहे, रात्री उठून आलेला बाप आहे. वर काही रचायची गरजच नाही.

आता ज्यांचे कागद आहेत अशांकडे वळू.

मुंबईत हाजी अलीजवळ मुलांचं अस्थिरोग रुग्णालय आहे. रोज हजारो लोक त्यावरून जातात. ते उभं राहिलं फातेमा इस्माईल यांच्यामुळे. जन्म १९०३चा. गिरणीमालक उमर सोबानी यांच्या त्या बहीण. १९२१ मध्ये गांधीजींनी परळला परदेशी कापडाची होळी पेटवली ती या सोबानींच्याच गिरणीच्या आवारात. तेव्हा घरचं वळण काय असेल ते लक्षात घ्या. फातेमाबाईंच्या लहानग्या मुलीला पोलिओ झाला. त्या काळी पोलिओवर लस नव्हती (ती आली १९५५ मध्ये), आणि पाय लुळा पडला की ‘नशीब’ म्हणून पोर कोपऱ्यात बसवून ठेवायची रीत होती. बाई मुलीला घेऊन मद्रासला एका नामांकित अस्थिरोगतज्ज्ञाकडे गेल्या, तिथे राहिल्या, मुलीला उभं करण्याचं तंत्र डोळ्यांनी आणि हातांनी शिकून घेतलं. मग विचार केला तो असा: माझ्याजवळ पैसा होता म्हणून मी मद्रास गाठलं, बाकीच्या आयांनी काय करायचं?

१९४७ साल. शहरात दंगलींची धग, फाळणीची येजा. त्या साली या बाईंनी मुंबईत अपंग मुलांच्या पुनर्वसनासाठी संस्था काढली आणि चौपाटीवर छोटासा दवाखाना सुरू केला. नुसतं औषध नाही. व्यायाम, मालीश, आधाराचे पट्टे, आणि येणाऱ्या मुलांचं शिक्षण बुडू नये याचीही सोय. दवाखाना वाढत वाढत हाजी अलीला रुग्णालय झाला. १९५८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, १९७८ मध्ये राष्ट्रपतींनी राज्यसभेवर नेमलं. १९८७ मध्ये त्या गेल्या.

आज तुमच्यासमोरच्या मुलांना पोलिओ म्हणजे फक्त रविवारचे दोन थेंब. देशातला शेवटचा रुग्ण २०११चा आणि २०१४ मध्ये आपण पोलिओमुक्त ठरलो. त्यामुळे पोलिओची दहशत काय होती हे त्यांना आधी सांगावं लागेल. सांगा. आजी-आजोबांना विचारून या म्हणावं. वर्गातला, आळीतला कुणीतरी कुबडी घेऊन चालणारा त्यांना नक्की आठवेल. या विषयावर एकही भाषण मी आजवर ऐकलेलं नाही, आणि मुंबईतल्या शाळांतही नाही, याचं मला खरंच नवल वाटतं.

दुसऱ्या, न्यायमूर्ती एम. फातिमा बीवी. केरळातल्या पतनमतिट्टाच्या, जन्म ३० एप्रिल १९२७. रसायनशास्त्र शिकायचं म्हणणाऱ्या मुलीला वडिलांनीच कायद्याकडे वळवलं. अण्णा चांडी त्रावणकोरमध्ये न्यायदान करत होत्या, ते त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. १९५० मध्ये बार कौन्सिलच्या परीक्षेत पहिला नंबर. मग मुन्सिफपासून एकेक पायरी चढत १९८३ मध्ये उच्च न्यायालय, आणि ६ ऑक्टोबर १९८९ला सर्वोच्च न्यायालय. ते न्यायालय १९५० मध्ये सुरू झालं होतं. पहिली बाई तिथे पोचायला एकोणचाळीस वर्षं लागली. दुसऱ्या आल्या आपल्या मुंबई उच्च न्यायालयाच्या सुजाता मनोहर, १९९४ मध्ये. बीवी पुढे तमिळनाडूच्या राज्यपाल झाल्या आणि २००१ मध्ये जयललितांना सरकार बनवायला बोलावण्यावरून वाद होऊन पायउतार झाल्या. तेही भाषणात येऊ द्या. थोर बाईच्या आयुष्यात वाद नकोच, हा हट्ट आपण सोडायला हवा. २०२३ मध्ये त्या वारल्या आणि पुढच्या वर्षी मरणोत्तर पद्मभूषण मिळालं.

तिसऱ्या फातमा बेगम. उर्दू रंगभूमीवरून आलेल्या. १९२२ च्या सुमारास, स्त्रीभूमिका बहुतेक पुरुषच करत होते तेव्हा पडद्यावर आल्या, आणि १९२६ मध्ये स्वतःची कंपनी काढून ‘बुलबुल-ए-परिस्तान’ दिग्दर्शित केला. भारतात चित्रपट दिग्दर्शित करणारी पहिली बाई. त्याची रीळं आज उरलेली नाहीत. मुलगी झुबेदा मात्र सगळ्यांना ठाऊक असते, कारण १९३१च्या ‘आलम आरा’ची ती नायिका. दादासाहेब फाळक्यांवर मुलं हमखास बोलतात. त्याच मुंबईतल्या फातमाबाईंवर कुणी बोलत नाही.

परदेशातल्या हव्या असतील तर त्याही भरपूर. बाराव्या शतकातल्या फातिमा समरकंदी या कायद्याच्या पंडित. घरातून निघणाऱ्या फतव्यावर आधी बापाची आणि लेकीची सही असे, लग्नानंतर नवऱ्याचीही. तो नवरा, अल-कासानी, मूळचा बापाचा शिष्य. सासऱ्याच्या ग्रंथावर त्याने जे भाष्य लिहिलं तेच मेहर, म्हणजे लग्नात नवऱ्याने बायकोला द्यायचं देणं, म्हणून धरलं गेलं. तो कुठे चुकला तर बायको दुरुस्त करायची, असं चरित्रकार लिहून ठेवतात. तुर्कस्तानच्या कादंबरीकार फात्मा आलिये २००९ पासून तिथल्या पन्नास लिरांच्या नोटेवर आहेत. फातिमा मेर्निसी तर फेसमध्येच जन्मल्या, करवीयीनच्या गावात. समाजशास्त्रज्ञ. इस्लामी इतिहासातल्या विसरलेल्या राण्या त्यांनी शोधून काढल्या. दक्षिण आफ्रिकेत डर्बनच्या फातिमा मीर वर्णद्वेषी सरकारशी भांडल्या, बंदी सोसली, तुरुंगात गेल्या आणि नेल्सन मंडेलांचं चरित्र लिहिलं.

सूत्रसंचालकांना एक विनंती, जाता जाता. फातिमा नाव ऐकलं की बाई मुसलमानच, असं धरून चालू नका. एका कार्यक्रमात गोव्याहून आलेल्या पाहुण्या शिक्षिकेचं स्वागत निवेदकाने ‘आदाब’ म्हणून केलं. त्या हसून ‘देव बरें करूं’ म्हणाल्या. पोर्तुगालमध्ये फातिमा नावाचं गाव आहे, नाव तिथल्या अरबी काळातलं. १९१७ मध्ये १३ मे ते १३ ऑक्टोबरच्या दरम्यान तिथल्या तीन गुराखी मुलांनी मेरीमातेचं दर्शन झाल्याचं सांगितलं, गाव तीर्थक्षेत्र झालं, आणि मेरीमातेच्या त्या रूपामुळे हे नाव ख्रिस्ती घरांत गेलं. गोव्यात या नावाच्या बायका आहेत, मडगावला फातिमा कॉन्व्हेंट आहे.

आणि एक गोष्ट मला टोचते ती स्पष्टच लिहिते. नाटुकलं बसवताना फातिमा शेखची भूमिका वर्गातल्या एकुलत्या एका मुस्लिम मुलीला जाते. दर वर्षी. सावित्रीबाईंची भूमिका तिला कधी मिळाल्याचं मी पाहिलेलं नाही. तिला त्यात काय वाटत असेल ते ती सांगणार नाही. एकदा अदलाबदल करून बघा. संवाद दोघींनाही पाठ असतातच.

राहिला प्रश्न ९ जानेवारीचा. फ्लेक्सवाल्याला ऑर्डर गेलेली असते, पाहुणे ठरलेले असतात, मला कल्पना आहे. पण पुढच्या वर्षीपासून फातिमाबींचा कार्यक्रम १० ऑक्टोबरला घ्यायचा विचार करावा. जन्मदिवस म्हणून नाही. सावित्रीबाईंनी पत्रात त्यांचं नाव लिहिलं तो दिवस म्हणून. त्या सुमाराला सहामाही परीक्षा असते, तेव्हा अर्धा तास पुरे. समग्र वाङ्मय बऱ्याच ग्रंथालयांत मिळतं. एका मुलीने ते पत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचावं. चौथी-पाचवीच्या मुलांसाठी अवघड शब्द फळ्यावर लिहावेत. भाषण लिहून देऊ नये.

स्पर्धेच्या संयोजकांनी निकषांत ‘हे कुठून कळलं?’ या प्रश्नाला दहा गुण ठेवावेत. हावभावांचे दहा कमी केले तरी चालतील.

आपली,
तुमच्याच स्पर्धांची एक परीक्षक